टीटीवाययूएसबी० दोन सेकंदात गायब होतंय, कर्नलमधे यूएसबी ड्रायव्हर ठरतो तरी कसा?

द्राक्षबाग | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरची द्राक्षबाग आहे तासगावकडे, आणि प्रोजेक्ट म्हणून जमिनीतला ओलावा मोजून नोंद ठेवणारं यंत्र करतोय. बोर्ड आर्डुइनो नॅनोसारखा स्वस्तातला, त्यावर सीएच३४० चिप आहे (यूएसबीचं सीरियल पोर्टमधे रूपांतर करणारी). घरच्या विंडोजवर ड्रायव्हर टाकल्यावर नीट चालतो. कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्सवर लावला की बोर्डावरचा दिवा लागतो, /डेव्ह मधे टीटीवाययूएसबी० (बोर्डाशी बोलायचा सीरियल पोर्ट) दिसतं, आणि मी प्रोग्राम उघडेपर्यंत ते नाहीसं होतं. तीन केबल बदलून झाल्या, तिन्ही पोर्ट बदलून झाले, नेटवरून ड्रायव्हरची एक झिप उतरवून कंपाइल करायला गेलो तर एररची रांग लागली.

पण मला नुसता उपाय नकोय. पेनड्राइव्ह, माऊस, हेडफोन आणि माझा बोर्ड हे सगळे एकाच भोकात लावतो, मग आत कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कसं कळतं की हे कोणाकडे द्यायचं? आणि लिनक्सवर मी काहीच टाकलं नव्हतं तर दोन सेकंद का होईना ते दिसलं कसं? सरांना विचारलं तर म्हणाले सिलॅबसमधे नाही. इथे कोणी नीट समजावून सांगेल का?

बिलबुक | सोमवार, रात्री ११:०५

केबल फक्त चार्जिंगची नाही ना? माझ्या दुकानात एकदा तसंच झालेलं, दोन दिवस गेले.

द्राक्षबाग | सोमवार, रात्री ११:११

नाही दादा, त्याच केबलने विंडोजवर प्रोग्राम चढतो.

कर्नलकट्टा | सोमवार, रात्री ११:३०

आधी ती झिप डिलीट कर. या चिपचा ड्रायव्हर कर्नलमधे अनेक वर्षांपासून आहे, सीएच३४१ नावाने, आणि तो सीएच३४० सुद्धा सांभाळतो. तुझं टीटीवाययूएसबी० जन्माला आलं याचा अर्थच ड्रायव्हर आहे आणि त्याने काम केलं. आता प्रश्न इतकाच की त्याला हाकललं कोणी.

बोर्ड काढ, डीमेसेज -डब्ल्यू (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालू ठेव, बोर्ड लाव, आणि जे काय येईल ते जसंच्या तसं इथे टाक.

द्राक्षबाग | मंगळवार, दुपारी १२:५०

लॅबमधून टाकतोय. महत्त्वाच्या ओळी अशा आहेत, मराठीत लिहून काढल्यात:

यूएसबी १-२: न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ७ यूझिंग एक्सएचसीआय_एचसीडी
यूएसबी १-२: न्यू यूएसबी डिव्हाइस फाउंड, आयडीव्हेंडर=१ए८६, आयडीप्रॉडक्ट=७५२३
सीएच३४१ १-२:१.०: सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर डिटेक्टेड
यूएसबी १-२: सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०
यूएसबी १-२: यूएसबीएफएस: इंटरफेस ० क्लेम्ड बाय सीएच३४१ व्हाइल 'बीआरएलटीटीवाय' सेट्स कॉन्फिग #१
सीएच३४१-यूएआरटी टीटीवाययूएसबी०: सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाऊ डिस्कनेक्टेड फ्रॉम टीटीवाययूएसबी०

बीआरएलटीटीवाय काय आहे?

कर्नलकट्टा | मंगळवार, रात्री ९:१५

सापडलं. पाचवी ओळ. पण तू समजून घ्यायचं म्हणालास, आणि या सहा ओळींत अख्खा यूएसबी विभाग एकेक करून बोललाय, त्यामुळे वरून खाली सगळं सांगतो, जरा लांबेल.

यूएसबीचा कारभार कर्नलमधे तीन मजली आहे. तळमजल्यावर होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर. तुझ्या मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमधेच एक कंट्रोलर असतो, तारेवर खरोखर सिग्नल टाकणारा तोच. आजकालच्या मशीनवर तो एक्सएचसीआय जातीचा असतो, तुझ्या पहिल्या ओळीत त्याचं नाव आलंय. आधी यूएसबी २.० साठी ईएचसीआय होता, त्याच्याही आधी यूएचसीआय आणि ओएचसीआय अशा दोन वेगळ्या जाती होत्या, पहिली इंटेलची आणि दुसरी कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट आणि नॅशनल सेमिकंडक्टर यांची, आणि दोघांची काम करायची रीत अगदी वेगळी.

मधल्या मजल्यावर यूएसबी कोअर. हा सगळ्यांना सामायिक. डिव्हाइस आलं गेलं बघायचं, त्याला नंबर द्यायचा, त्याची माहिती वाचायची, योग्य ड्रायव्हरशी गाठ घालून द्यायची, आणि वरच्यांचं सामान खालच्या कंट्रोलरकडे पोचवायचं. वरच्या मजल्यावर आपण ज्याला बोलताना ड्रायव्हर म्हणतो ते, सीएच३४१, यूएसबी-स्टोरेज, माऊस-कीबोर्डचा यूएसबीएचआयडी वगैरे.

या रचनेमुळेच सीएच३४१ लिहिणाऱ्याला तुझ्या मशीनवर ईएचसीआय आहे की एक्सएचसीआय हे माहीत असायची गरज पडत नाही, तसंच एक्सएचसीआयच्या ड्रायव्हरला पलीकडे माऊस आहे की बोर्ड याच्याशी देणंघेणं नाही. २००९ मधे सारा शार्प यांनी लिहिलेला एक्सएचसीआय ड्रायव्हर २.६.३१ कर्नलमधे आला आणि यूएसबी ३.० ला आधार देणारी लिनक्स ही पहिली ऑपरेटिंग सिस्टिम ठरली, तेव्हा वरच्या मजल्यावरचे शेकडो ड्रायव्हर पुन्हा लिहायला लागले नाहीत. तळमजला नवा आला, वरची माणसं आपल्या जागी.

आता तुझा मुख्य प्रश्न, कर्नलला कळतं कसं. डिव्हाइस लागलं की आधी हबच्या कोडला कळतं. (कंट्रोलरमधेही एक हब असतोच, त्याला रूट हब म्हणतात, म्हणून हबचा ड्रायव्हर कोअरच्याच पोटात ठेवलाय.) तो लगेच उडी मारत नाही, जोडणी साधारण १०० मिलिसेकंद स्थिर राहते का बघतो, कारण प्लग आत घुसताना धातूचे पत्रे थरथरतात. मग रीसेट, मग पत्ता. पत्ता ७ बिटांचा, ० हा नवख्यासाठी राखीव, म्हणून एका बसवर जास्तीत जास्त १२७ डिव्हाइस. मग डिव्हाइसला विचारतो, बाबा तू कोण? ते १८ बाइटचं एक पत्रक देतं, त्याला डिव्हाइस डिस्क्रिप्टर म्हणतात. तुझ्या दुसऱ्या ओळीतले १ए८६ आणि ७५२३ त्यातलेच, पहिला बनवणाऱ्याचा नंबर, दुसरा मालाचा.

त्यानंतर कॉन्फिगरेशन वाचतो, त्याच्या आत इंटरफेस (वस्तूचं एकेक काम) असतात, इंटरफेसच्या आत एंडपॉइंट (डेटा ये-जा करायची दारं). इथे नीट लक्ष दे, कारण बरेच जण इथेच चुकतात. ड्रायव्हर डिव्हाइसला चिकटत नाही, इंटरफेसला चिकटतो. तिसऱ्या ओळीत बघ, १-२ असं न लिहिता १-२:१.० लिहिलंय. पहिल्या बसचा दुसरा पोर्ट, मग विसर्गासारखी दोन टिंबं, कॉन्फिगरेशन १ चा इंटरफेस ०. यूएसबी हेडफोन लावलास तर आवाजाचे इंटरफेस ध्वनीच्या ड्रायव्हरकडे जातात आणि आवाज कमी-जास्त करायची बटणं ही यूएसबीएचआयडीकडे, वस्तू एक आणि कारभारी दोन, आणि दोघांना एकमेकांची खबर नाही.

उद्या पुढचं लिहितो, जुळणी कशी होते ते, आणि बीआरएलटीटीवायचं.

जुनाजाणता | मंगळवार, रात्री १०:०२

वा कट्टा, फार सुंदर. तुम्ही इंटरफेसचं सांगितलंत आणि मला २०१०-११ चे डोंगल आठवले. त्या काळी गावाकडे नेट म्हणजे ३जी डोंगल. एकच डोंगल लावायचा आणि टीटीवाययूएसबी०, १, २ असे तीन तीन पोर्ट उगवायचे, एकावर डायल करायचं, एकावर सिग्नलची माहिती यायची. मला तेव्हा वाटायचं काहीतरी बिघडलंय. ते तीन इंटरफेस होते, आज कळलं.

आणि अजून एक. लावल्यावर आधी तो सीडी ड्राइव्ह म्हणून यायचा, आत विंडोजचा सेटअप. लिनक्सवर यूएसबी_मोडस्विच नावाचा प्रोग्राम त्याला एक ठरावीक संदेश पाठवायचा, मग तो स्वतःला बसवरून तोडून घ्यायचा आणि वेगळ्या मालाचा नंबर घेऊन मोडेम म्हणून परत यायचा. कर्नलच्या दृष्टीने एक पाहुणा गेला आणि दुसराच आला.

कर्नलकट्टा | बुधवार, रात्री ८:४०

जुनाजाणता, अगदी बरोबर, आणि त्या मोडेमवाल्या रूपाला पकडणाऱ्या ड्रायव्हरचं नाव ऑप्शन. त्याची फाईल उघडलीत तर नंबरांची प्रचंड मोठी यादी दिसेल, एकेका मोडेमची एकेक ओळ. त्यावरूनच जुळणीकडे वळतो.

प्रत्येक यूएसबी ड्रायव्हर कोअरकडे एक अर्ज भरतो: माझं नाव हे, डिव्हाइस आलं तर मला या फंक्शनमधे हाक मारा (प्रोब), गेलं तर या फंक्शनमधे (डिस्कनेक्ट), आणि मी सांभाळतो त्यांची ही यादी. यादीत दोन तऱ्हेच्या ओळी असतात. एक म्हणजे नाव घेऊन, १ए८६:७५२३ असेल तरच मला बोलवा. दुसरी म्हणजे जातीवरून, बनवणारा कोणी असो, इंटरफेस अमुक वर्गाचा असेल तर माझा. पेनड्राइव्ह कुठलाही घ्या, तो आपला वर्ग मास स्टोरेज सांगतो, म्हणून नव्या पेनड्राइव्हसाठी कर्नलमधे ओळ वाढवावी लागत नाही. मूळ आर्डुइनो उनो हा सीडीसी-एसीएम (मोडेम-सीरियलसाठी ठरलेला) वर्ग सांगतो, म्हणून तो टीटीवायएसीएम० होऊन येतो, वर्गाच्या ड्रायव्हरकडून. द्राक्षबागच्या बोर्डावरची चिप मात्र वर्गाच्या जागी एफएफ सांगते, म्हणजे माझी रीत माझ्या कंपनीची, आणि मग नंबरवरूनच ओळखावं लागतं.

आता, "मी काही टाकलं नव्हतं तरी कसं दिसलं". ड्रायव्हर मॉड्यूल (गरज पडली की कर्नलमधे चढवायचा तुकडा) बनतो तेव्हा ती यादी त्याच्या फाईलमधे कोरली जाते. डेपमॉड नावाची आज्ञा सगळ्या मॉड्यूलच्या याद्या गोळा करून मॉड्यूल्स.अलायस ही एकच मोठी वही तयार करते. डिव्हाइस आलं की कर्नल एक लांबलचक ओळख-ओळ ओरडून सांगतो, बनवणारा, माल, वर्ग, उपवर्ग सगळं एका दमात, यूडेव्ह (डिव्हाइस आलं-गेलं की ठरलेले नियम लावणारा कर्नलबाहेरचा प्रोग्राम) ती ऐकतो, वहीत बघतो आणि सीएच३४१ आत आणतो. विंडोजसाठी तू जी फाईल हाताने टाकलीस ती इथे कर्नलबरोबर आधीच डिस्कवर होती, फक्त झोपलेली.

सीएच३४१ स्वतः किती काम करतो ते बघण्यासारखं आहे. फार थोडं! चिपला बॉडरेट (सीरियलचा वेग) कसा सांगायचा, डीटीआर-आरटीएस या इशाऱ्याच्या तारा कशा हलवायच्या, एवढंच त्याचं खास ज्ञान. बाइट घेणं-देणं, बफर, पोर्टला नंबर देणं हे सगळं यूएसबी-सीरियल नावाचा सामायिक थर करतो, ज्याच्या अंगाखांद्यावर एफटीडीआय, सीपी२१०एक्स (दुसऱ्या कन्व्हर्टर चिपांचे ड्रायव्हर), ऑप्शन हे सगळे वाढलेत, आणि त्याच्याही वर कर्नलचा टीटीवाय (टर्मिनल आणि सीरियल पोर्टचा) थर आहे जो यूएसबीच्या जन्माआधीपासूनचा. म्हणून तुझा प्रोग्राम सीरियल पोर्ट उघडतो तेव्हा खाली यूएसबी आहे याचा त्याला पत्ता नसतो.

फोल्डरची मांडणी पण याच विचाराने केलीय. ड्रायव्हर्स/यूएसबी मधे कोअर, होस्ट, सीरियल, स्टोरेज, क्लास, गॅजेट असे खण आहेत. पण वेबकॅमचा ड्रायव्हर तिथे शोधाल तर मिळणार नाही, तो ड्रायव्हर्स/मीडिया/यूएसबी मधे. आवाजाचा साउंड/यूएसबी मधे, नेटवर्कचे ड्रायव्हर्स/नेट/यूएसबी मधे, ब्लूटूथचा ब्लूटूथच्या फोल्डरमधे, कीबोर्ड-माऊसचा ड्रायव्हर्स/एचआयडी खाली. म्हणजे तार कुठली यावरून घर ठरत नाही, तो माणूस जगाला काय देतो यावरून ठरतं. मला ही मांडणी मनापासून पटते, कारण वेबकॅमच्या ड्रायव्हरमधे दुरुस्ती आली तर ती तपासायला चित्र-व्हिडिओ समजणारी माणसं हवीत, तार समजणारी नंतर.

बिलबुक | बुधवार, रात्री ९:२०

मी दुकानदार माणूस, पण समजतंय, लिहीत राहा. माझे दोन प्रश्न. एक, माझा बारकोड स्कॅनर कुठलाही ड्रायव्हर न टाकता चालतो, नोटपॅड उघडं असेल तर त्यात आकडे उमटतात, ते का? दोन, बिलाचा प्रिंटर काउंटरपासून लांब आहे म्हणून केबलला केबल जोडून नेलाय, तो अधूनमधून येतच नाही आणि डीमेसेजमधे "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -११०" येतं. प्रिंटरचा ड्रायव्हर खराब झालाय का?

कर्नलकट्टा | बुधवार, रात्री ९:५५

दुसऱ्याचं आधी, कारण धंदा अडतोय. ड्रायव्हरला हात लावू नका. ती ओळ सांगतेय की कोअरने प्रिंटरला पहिलाच प्रश्न विचारला, तू कोण, आणि उत्तर वेळेत आलं नाही. -११० म्हणजे वाट बघून थकलो, -७१ आलं असतं तर उत्तर आलं पण विस्कटलेलं. दोन्ही वेळा प्रिंटरच्या ड्रायव्हरची पाळीच आलेली नसते, कारण कोणाला बोलवायचं हेच ठरलेलं नाही. तुमच्या बाबतीत पहिला संशय केबलवर. यूएसबी २.० ला साधारण ५ मीटरची मर्यादा, जोड दिलेत की त्याहून आधीच बोंब. एकच चांगली आखूड केबल लावून बघा, लांबच न्यायचं असेल तर मधे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब.

स्कॅनर. तो स्वतःला कीबोर्ड म्हणवतो, म्हणून. यूएसबीएचआयडी त्याला घेतो आणि पुढे इनपुटच्या थराकडे सोपवतो. कीबोर्ड काय पाठवतो ते एकदा जवळून बघा, मजा वाटेल. साध्या कीबोर्डचा एक रिपोर्ट ८ बाइटचा: पहिल्या बाइटमधे शिफ्ट-कंट्रोल वगैरे, दुसरा रिकामा, पुढच्या सहात दाबलेल्या कळांचे नंबर. मी आत्ता इन्स्क्रिप्टमधे "क" लिहिला तेव्हा तारेवरून १४ हा आकडा गेला, तिसऱ्या बाइटमधे. १४ म्हणजे इंग्रजी के ज्या जागी छापलाय ती कळ. इनपुट थराने त्याचा ३७ केला, आणि त्या ३७ चा "क" करायचा की के हे वर कीबोर्ड लेआउटने ठरवलं. कर्नलच्या यूएसबी विभागात मराठी नाही आणि इंग्रजीही नाही, फक्त कळेची जागा आहे. म्हणून जगातल्या कुठल्याही दुकानातून आणलेल्या कीबोर्डवर आपण देवनागरी लिहू शकतो, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना आपली लिपी माहीत असायची गरज पडली नाही.

सांजवारा | गुरुवार, सकाळी ७:३०

छान धागा. मी एम्बेडेडमधे काम करते, यूएसबी ड्रायव्हर लिहिलेत, त्यामुळे मधल्या मजल्यावरून सामान कसं जातं ते मी सांगते, कट्टा यांनी तेवढं सोडलंय.

ड्रायव्हर आणि कोअर यांच्यात जे पुडकं फिरतं त्याला यूआरबी म्हणतात. त्यावर लिहिलेलं असतं कुठल्या एंडपॉइंटला जायचं, डेटा कुठल्या बफरमधे आहे, किती लांब, आणि काम झालं की कोणत्या फंक्शनला पोचपावती द्यायची. ड्रायव्हर ते सबमिट करतो आणि *थांबत नाही*, आपल्या कामाला लागतो. कोअर ते कंट्रोलरच्या ड्रायव्हरला देतो, एक्सएचसीआय असेल तर तो मेमरीतल्या एका गोल रांगेत १६-१६ बाइटच्या नोंदी करतो आणि कंट्रोलरची बेल वाजवतो (रजिस्टरचं नावच डोअरबेल आहे). हार्डवेअर तारेवर काम उरकतं, इंटरप्ट (काम झाल्याचा इशारा) देतं, आणि पोचपावती त्याच वाटेने वर येते.

एंडपॉइंट चार प्रकारचे. कंट्रोल, सगळ्यांना असतोच, ओळखपाळखीसाठी. बल्क, पेनड्राइव्ह आणि सीरियलसाठी, डेटा चुकणार नाही पण वेळेची हमी नाही. इंटरप्ट, माऊस-कीबोर्डसाठी, नाव इंटरप्ट असलं तरी प्रत्यक्षात होस्टच ठरलेल्या वेळाने विचारत राहतो की काही आहे का, कारण यूएसबीत डिव्हाइसने आपणहून तोंड उघडायची सोय या पातळीवर नाही. आयसोक्रोनस, आवाज आणि कॅमेऱ्यासाठी, वेळ पाळायची, एखादा तुकडा हरवला तर हरवला. द्राक्षबाग, तुझ्या चिपला बल्क आत, बल्क बाहेर आणि एक इंटरप्ट असे तीन आहेत, कंट्रोल सोडून.

आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा खरा कस कुठे लागतो सांगू? डिस्कनेक्टमधे. पीसीआयचं कार्ड (मशीनच्या पोटात बसणारं) चालत्या मशीनमधून सहसा कोणी उपटत नाही. यूएसबी उपटतात. माझ्या पहिल्या ड्रायव्हरमधे मी डिस्कनेक्टमधे स्वतःची मेमरी मोकळी केली पण आधी सोडलेले यूआरबी परत बोलावले नाहीत. टेबलावर सगळं चालायचं. ग्राहकाकडे कोणीतरी डेटा वाहत असताना केबल खेचली, पोचपावती मोकळ्या केलेल्या मेमरीत येऊन पडली आणि मशीन गोठलं. तीन आठवडे शोधत होते, कारण मी नेहमी सभ्यपणे प्रोग्राम बंद करून मग केबल काढायचे. शेवटी एका दुपारी यंत्र चालू ठेवून केबल चाळीस-पन्नास वेळा खेचली आणि बाविसाव्या की तेविसाव्या वेळी सापडलं. तेव्हापासून नियम: आधी यूएसबी_किल_यूआरबी, ते परत आल्याची खात्री, मग मेमरी. आणि एखादा प्रोग्राम अजून पोर्ट धरून बसला असेल तर शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ती रचना जिवंत ठेवायची, त्यासाठी मोजणी ठेवायची. कर्नलच्या सोर्समधे यूएसबी-स्केलेटन नावाचा एक नमुना ड्रायव्हर ठेवलाय तो याच गोष्टी शिकवण्यासाठी, शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

अजून एक, पोचपावतीचं फंक्शन चालतं तेव्हा झोपायला परवानगी नसते, तिथे थांबणारं काही करायचं नाही. आणि यूआरबीचा बफर फंक्शनच्या स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवायचा नाही, कंट्रोलर थेट मेमरीतून उचलतो. नवशिक्यांचे निम्मे क्रॅश या दोनमधे असतात.

जुनाजाणता | गुरुवार, सकाळी ९:१०

सांजवारा ताई, ड्रायव्हर्स/यूएसबी मधे जो गॅजेट खण आहे तो काय?

सांजवारा | गुरुवार, दुपारी १:०५

उलटी बाजू. होस्ट म्हणजे विचारणारा, गॅजेट म्हणजे लिनक्सच स्वतः डिव्हाइस बनतो. फोन लॅपटॉपला लावता तेव्हा फोनमधला कर्नल हेच करतो. रास्पबेरी पाय झिरो लॅपटॉपला लावून नेटवर्क कार्डासारखा दिसतो तोही याच मार्गाने. तिथेही तसेच मजले आहेत, खाली कंट्रोलर, मधे सामायिक थर, वर "मी सीरियल आहे", "मी डिस्क आहे" असली फंक्शन्स. वेगळा धागा काढू हवं तर.

कर्नलकट्टा | गुरुवार, रात्री ९:००

ताईंनी फार मोलाचं लिहिलंय. आता पाचवी ओळ.

बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम आहे, अंध व्यक्तींसाठी. तो कर्नलमधला ड्रायव्हर नाही, साधा प्रोग्राम आहे. कर्नल अशा प्रोग्रामना यूएसबी डिव्हाइसशी थेट बोलायला एक खिडकी देतो, तिचं नाव यूएसबीएफएस, /डेव्ह/बस/यूएसबी खाली. कागदाचे स्कॅनर, चिपमधे प्रोग्राम भरणारी यंत्रं, कित्येक कॅमेरे या खिडकीतूनच चालतात. आणि त्या खिडकीतून प्रोग्राम असंही म्हणू शकतो की आधीच्या ड्रायव्हरला उठवा, इथे मी बसतो. एका इंटरफेसवर एका वेळी एकच बसू शकतो, म्हणून सीएच३४१ उठला आणि त्याच्याबरोबर टीटीवाययूएसबी० गेलं.

त्याने तुझा बोर्ड का धरला? कारण यूडेव्हच्या नियमांत १ए८६:७५२३ हा नंबर ब्रेल यंत्राचा म्हणूनही नोंदलेला आहे. एका ब्रेल वाचकयंत्रात हीच कन्व्हर्टर चिप आहे आणि तिचा नंबर न बदलता तसाच ठेवलाय. दोन वेगळ्या वस्तू, ओळखपत्र एकच. कर्नलही बरोबर, ब्रेलचा प्रोग्रामही बरोबर, नंबर मात्र पुरेसा बोलका नाही.

नेटवर सगळीकडे एकच उपाय सापडेल, तो प्रोग्राम अनइन्स्टॉल करा. तुझा स्वतःचा लॅपटॉप असता तर मी पण म्हटलं असतं काढून टाक.

स्पर्श | गुरुवार, रात्री १०:२६

इथे पहिल्यांदाच लिहितोय. मी पूर्ण अंध आहे, हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला आणि काही भाग ब्रेल डिस्प्लेवर वाचला. द्राक्षबाग, तुमचं मशीन कॉलेजच्या लॅबचं आहे म्हणालात. कृपया तो प्रोग्राम तिथून काढू नका.

माझा डिस्प्ले लावला की काही न दाबता चालू व्हावा लागतो, कारण चालू होईपर्यंत पडद्यावर काय आहे हे मला कळायचा मार्गच नसतो. तुम्ही पासवर्ड टाकून, टर्मिनल उघडून, कमांड देऊन एखादी गोष्ट चालू करू शकता, मला त्यातली प्रत्येक पायरी डिस्प्ले चालू झाल्यावर करता येते. कॉलेजमधे मी लॅबला जायचो तेव्हा आधीच्या बॅचने असंच काहीतरी काढून टाकलेलं असायचं, मग लॅब असिस्टंट येईपर्यंत मी बसून राहायचो. कोणी मुद्दाम करत नसे. कोणाला माहीतच नसे की ते कोणाच्या तरी कामाचं आहे.

एकच ओळ बंद करता येते. /यूएसआर/लिब/यूडेव्ह/रुल्स.डी मधे ८५-बीआरएलटीटीवाय.रुल्स अशी फाईल असेल. ती त्याच नावाने /ईटीसी/यूडेव्ह/रुल्स.डी मधे कॉपी करा, म्हणजे मूळ फाईलऐवजी तुमची वाचली जाते आणि अपडेट आला तरी टिकते. त्यात १ए८६/७५२३ असलेली ओळ शोधा, पुढे हॅश लावा, यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला सांगा, बोर्ड काढून लावा. माझ्या डिस्प्लेचा नंबर वेगळा आहे, बाकी बहुतेकांचाही वेगळाच असतो, त्यांचं काही अडणार नाही.

सांजवारा | गुरुवार, रात्री १०:५०

स्पर्श, लिहिलंत ते फार बरं केलंत. एवढं सोपं असताना मी स्वतः गेल्या वर्षी ऑफिसच्या सामायिक मशीनवरून तो प्रोग्राम सरळ काढला होता. सोमवारी परत टाकते आणि ती ओळ बंद करते.

कर्नलकट्टा | गुरुवार, रात्री ११:०५

मीही हाच उपाय लिहिणार होतो पण स्पर्श यांनी जास्त चांगला सांगितला. नंतरच्या आवृत्त्यांत ब्रेल प्रकल्पानेच नियमांच्या दोन फायली केल्यात, खास ब्रेल यंत्रांचे नंबर एकीकडे आणि कन्व्हर्टर चिपांचे सर्वसामान्य नंबर दुसरीकडे. म्हणजे त्यांनाही ही अडचण माहीत होती आणि त्यांनी वाट काढली.

द्राक्षबाग | शुक्रवार, दुपारी ३:१८

झालं!! स्पर्श सर, तुमच्या पद्धतीनेच केलं, प्रोग्राम जागेवर आहे. फाईलच्या वर मराठीत दोन ओळींची टीपही लिहिली, कोणासाठी आहे आणि का काढू नये ते, लॅब असिस्टंटनाही दाखवलं.

एलएसयूएसबी -टी (लागलेल्या यूएसबी वस्तूंचं झाड दाखवणारी आज्ञा) चालवलं तर माझ्या बोर्डासमोर ड्रायव्हर=सीएच३४१ दिसतोय, आणि आता ते झाड वाचता येतंय, कीबोर्डसमोर यूएसबीएचआयडी, वर एक्सएचसीआय, सगळं कट्टा सरांनी सांगितलं तसं. काल हेडफोन लावून पण बघितला, खरंच तीन ओळी आवाजाच्या आणि एक बटणांची.

एकच शेवटचं. सीरियल मॉनिटर (बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणारी खिडकी) उघडा असताना बोर्ड काढून परत लावला तर टीटीवाययूएसबी१ होतो, ० होत नाही. आणि बागेत मला दोन बोर्ड लावायचेत, कुठला कुठला ते कसं ओळखू?

सांजवारा | शुक्रवार, सायंकाळी ६:४०

पहिलं म्हणजे मी वर लिहिलं तेच, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत. तुझ्या मॉनिटरने जुना ० धरून ठेवलाय, ती रचना अजून जिवंत आहे, म्हणून नव्याला पुढचा नंबर. मॉनिटर बंद करून लाव, परत ० मिळेल.

दोन बोर्डांसाठी नंबरावर विसंबू नको. /डेव्ह/सीरियल खाली बाय-आयडी आणि बाय-पाथ असे दोन फोल्डर आहेत. या चिपमधे सहसा वेगळा सीरियल नंबर नसतो, दोन्ही बोर्डांचं बाय-आयडी नाव एकच येईल. बाय-पाथ वापर, ते पोर्टच्या जागेवरून ठरतं.

द्राक्षबाग | रविवार, सकाळी ११:५५

बाय-पाथने लावले दोन्ही. वरच्या पोर्टवर विहिरीकडची ओळ, खालच्यावर बांधाकडची, आणि पोर्टांवर पेंटने व आणि बा लिहून ठेवलंय म्हणजे बाबांनी केबल काढली तरी परत त्याच जागी लागेल. पहाटे सहापासून दर दहा मिनिटांनी नोंद होतेय, आत्तापर्यंत एकही चुकलेली नाही.